माने बाईंनी भिंतीवर टांगलेली चूक

जाहीर निवेदन. सुरत शहर, तसेच उधना, लिंबायत, कडोदरा, पलसाणा ते थेट कामरेजपर्यंतच्या समस्त सासवा, नवरे, रिक्षावाले आणि बसमध्ये पुढच्या जागा अडवून बसणारे पुरुष यांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, प्राध्यापिका डॉ. शालिनी माने, वय वर्षे एकाहत्तर, यांनी तुम्हाला ओरडणं थांबवलं आहे. तथापि कुणीही मोकाट सुटू नये. त्यांनी हाताखाली तयार केलेल्या शेकडो पोरी या शहरातल्या दवाखान्यांत नोकरीला आहेत आणि आवाज सगळ्यांचा बाईंवरच गेला आहे.

बाई गेल्याची बातमी मला कुणी फोन करून सांगितली नाही. माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान नर्सिंग कॉलेजच्या समोर आहे. महिन्याभरापूर्वी एका सकाळी कॉलेजची एक मुलगी पेनड्राइव्ह घेऊन आली आणि म्हणाली, "काका, आ फोटो मोटो करी आपो ने." मी फाइल उघडली. बाईंचा हसरा फोटो. मी म्हटलं, "काय गं, सत्कार आहे का पुन्हा?"  ती म्हणाली, "काका, हार घालायचाय..." आदल्या दिवशी दुपारचा चहा घेऊन बाई आरामखुर्चीत बसल्या आणि सुनेला वाटलं, डोळा लागला. तीस वर्षं या धंद्यात काढली, कितीजणांचे असे फोटो मोठे करून दिले; पण त्या दिवशी मशीनवर कागद तीन वेळा तिरका घातला. चौथ्यांदा घालताना बाईंचा आवाज ऐकू आल्यासारखा झाला, "पाटीलभाई, हात धुऊन या आणि मग करा." गेलो, हात धुतले, आणि फोटो सरळ आला.

आमची ओळख वीसेक वर्षांपूर्वीची. बाई मूळच्या साताऱ्याकडच्या, लग्न होऊन सुरतेत आलेल्या. कॉलेजात प्रसूतिविद्या शिकवायच्या. हजारो बाळांना त्यांचा पहिला हात लागलेला, तरी कॉलेजातली डॉक्टरेटवाली मंडळी त्यांना 'सिस्टर' म्हणत. त्याचं त्यांना वाईट वाटत नव्हतं. वाईट याचं वाटायचं, की प्रसूतिविद्येचा वेगळा विभाग काढा असं त्या दरवर्षी लिहून द्यायच्या आणि दरवर्षी उत्तर यायचं, विभागप्रमुख व्हायला पीएच.डी. लागते. म्हणून सत्तेचाळिसाव्या वर्षी बाईंनी नाव नोंदवलं. विषय होता यंत्रमाग कामगारांच्या घरातल्या गरोदर बायका आणि त्यांची तपासणी. पन्नाशी ओलांडली तरी प्रबंध चालूच होता. तो त्या हाताने लिहायच्या आणि मी टाइप करायचो.

टाइप करायचो म्हणजे काय, शिकायचो! मला शब्द कळला नाही की बाई काउंटरवर प्लास्टिकचं ओटीपोटाचं हाड ठेवायच्या, पिशवीतून कापडी बाहुली काढायच्या आणि बाळ कसं वळतं ते करून दाखवायच्या. समोर रेशन कार्डाच्या झेरॉक्ससाठी रांग. एकदा रात्रपाळी करून आलेला एक मागवाला हा सगळा प्रयोग तोंड उघडं टाकून बघत उभा राहिला. बाळ बाहेर आल्यावर त्याने हात जोडले आणि विचारलं, "मॅडम, जुळे असतील तर?" बाईंना दुसरी बाहुली सापडेना, म्हणून त्यांनी माझ्या टेबलावरचा डिंकाचा डबा घेतला आणि जुळं पूर्ण केलं. त्या माणसाचं रेशन कार्ड माझ्याकडे दोन दिवस पडून होतं. जुळ्याच्या नादात ते न्यायचंच विसरला होता.

तर प्रबंध पाचव्या प्रकरणापर्यंत आला. मुदत आधीच दोनदा वाढवून मिळालेली. तिसऱ्यांदा मिळणार नव्हती. महिन्याभरात बाड दाखल झालं नाही, तर नोंदणी रद्द. मग पदवी नाही, विभाग नाही, आणि निवृत्तीपर्यंत 'सिस्टर'. पाचव्या प्रकरणात निष्कर्ष होता. बाईंनी लिहिलं होतं, की खानदेशातून आलेल्या या बायका सातव्या महिन्यापर्यंत नियमित तपासायला येतात आणि मग एकाएकी यायच्या बंद होतात, घरी शोधायला गेलं तर दाराला कुलूप असतं. याचं कारण निष्काळजीपणा आणि अज्ञान. मी हे टाइप करत होतो आणि बाई शेजारी उभ्या राहून स्वल्पविराम तपासत होत्या. तेवढ्यात माझी बायको सरला डबा घेऊन आली. काय लिहिताय एवढं, म्हणाली. मी आमच्या घरच्या अहिराणीत वाचून दाखवलं.

सरला आधी ऐकत राहिली. मग पदराने तोंड दाबलं. मग स्टुलावर बसून हसायला लागली. "सातव्या महिनाम्हा आठे कोण थांबस व माय? ओटी भरी का पोर मायघर!"

 मला वाटलं, आता बाई सरलाला फाडून खाणार. बाई म्हणाल्या, "सरला, ऊठ. मला बसू दे." बसल्या. पिशवीतून कोरा फॉर्म काढला. प्रत्येक बाईच्या नावापुढे त्यात तीनच चौकोन होते. आली, नकार दिला, सापडली नाही. कुलूप दिसलं की कॉलेजच्या पोरी 'सापडली नाही'वर खूण करत होत्या. माहेरी गेली, असा चौकोनच नव्हता.

मी सावरायला म्हटलं, "बाई, तुम्हाला कसं माहीत असणार..."

"वेडे का हो तुम्ही?" बाई म्हणाल्या. "पहिलटकरीण माहेरी जाते हे सगळ्या जगाला माहीत आहे. मलाही माहीत आहे. पण फॉर्म करताना सुचलं नाही." मग त्यांनी फॉर्म उलटा करून काउंटरवर ठेवला. "माझी आई मी पाच वर्षांची असताना गेली, पाटीलभाई. मी वाढले वसतिगृहात. पहिल्या वेळी माझ्या कळा सुरू झाल्या त्या ड्यूटीवर. रजिस्टरमध्ये माझं नाव मीच लिहिलं आणि खाटेवर जाऊन झोपले. जायला घरच नव्हतं, तर चौकोन कुठून सुचणार..." एवढं बोलल्या आणि डबा उघडून सरलाची अर्धी भाकरी खाल्ली. त्यांच्या तोंडून हा विषय मी त्याआधी कधी ऐकला नाही आणि त्यानंतरही नाही.

मार्गदर्शक सरांना त्यांनी फोन केला. सर म्हणाले, आहे तसं दाखल करा, कुणी विचारणार नाही. बाईंनी फोन ठेवला आणि मला विचारलं, "दुकान चार दिवस बंद ठेवता येईल?" मी म्हटलं, मी येऊन काय करणार, बाळंतिणी माझ्याशी थोड्याच बोलणार? "तुम्ही नाही हो, बोलायला सरला हवी आहे. तुम्ही पिशव्या धरा."

नवऱ्यांना मागावर गाठून माहेरचे पत्ते घेतले आणि आम्ही तिघे ताप्ती लाइनच्या सकाळच्या पॅसेंजरने निघालो. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर आणि त्यांच्या आजूबाजूची गावं. बाईंच्या वहीत लाल फुली मारलेल्या बायका एकेका घरात, एकेका खाटेवर, बाळाला कुशीत घेऊन मजेत डिंकाचे लाडू खात होत्या. बाईंना बघून दचकायच्या. "मॅडम? तुम्ही आठे उनात?" इथे कशा आलात, म्हणजे. सरला पुढे होऊन बोलायची, बाई लिहायच्या आणि मी ओट्यावर बसून म्हाताऱ्यांकडून सुरतेतल्या त्यांच्या जावयांच्या तक्रारी ऐकायचो. सगळ्याच काही पहिलटकरणी नव्हत्या. काहींना दुसऱ्या वेळीही आईच हवी होती.

दोंडाईच्याच्या पुढच्या एका गावात रेखा भेटली. तिचा नवरा कडोदऱ्याला मागावर. सुरतेच्या शेवटच्या तपासणीत तिचं ब्लड प्रेशर वाढलेलं होतं आणि तिच्या कार्डावर बाईंनी स्वतः लाल शाईने सूचना लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या. 'निष्काळजी, सापडली नाही' या यादीत तिचं नाव पहिल्या पानावर. बाईंनी कार्डाचं विचारलं, तर रेखाच्या आईने डाळीच्या डब्यातून प्लास्टिकमध्ये बांधलेलं कार्ड काढून दिलं. कोरं करकरीत. मग तिने सांगितलं, की इथल्या नर्सबाईंना ते दाखवलं तर त्या म्हणाल्या, मावशी, हे गुजराती आहे, मला एक अक्षर वाचता येत नाही. पण ही मावशी तिथून हललीच नाही. तिलाही वाचता येत नव्हतं, तरी कार्ड नर्सच्या पुढे धरून म्हणाली, "लाल शाई कोनी उगाच वाया घालस का? काय से ते देख." नर्सने पट्टा बांधला, आकडा बघितला आणि तिथूनच गाडी बोलावून रेखाला मोठ्या दवाखान्यात पाठवलं. रेखा वाचली, मूल वाचलं.

परतीच्या गाडीत बाईंनी पाचवं प्रकरण फाडलं. माझ्या टायपिंगची चाळीस पानं, मला विचारलंसुद्धा नाही! नव्या प्रकरणाचं पहिलं वाक्य त्यांनी गाडीतच सांगितलं आणि मी ते तिकिटाच्या मागे लिहून घेतलं. 'या अभ्यासात स्त्रिया हरवल्या नाहीत. फॉर्म अपुरा होता आणि फॉर्म मी केला होता.' सर चिडले, हे वाक्य काढा म्हणाले. बाईंनी काढलं नाही. शेवटच्या दिवशी, खिडकी बंद व्हायच्या जरा आधी, ओल्या डिंकाचं बाड दाखल झालं.

पदवी मिळाली हे मी पहिल्याच परिच्छेदात 'डॉ.' लावून फोडून बसलोय, तेव्हा उगाच ताणत नाही. विभाग निघाला. एका बाजूला गुजराती आणि दुसऱ्या बाजूला मराठी असं तपासणीचं कार्ड बाईंनी विभागातर्फे छापून घेतलं. त्याची मराठी बाजू मी जुळवली आणि सरलाने तपासली. आणि तो जुना, तीन चौकोनांचा फॉर्म बाईंनी चौकट करून आपल्या खोलीत खुर्चीच्या बरोबर मागे टांगला. निवृत्त झाल्यावरही दरवर्षी नव्या मुली आल्या, की पहिल्या तासाला त्यांना तिथे उभं करायच्या आणि छडीने दाखवायच्या. "हा माझा गाढवपणा. नीट बघून घ्या. तुमचा तुम्ही नवा करा, हाच पुन्हा करू नका." परवा टाइप केलेले कागद द्यायला मी त्या खोलीत गेलो होतो. आताच्या विभागप्रमुख बाई त्या खुर्चीवर बसायला अजूनही अवघडत होत्या, बाजूच्या स्टुलावर बसून काम करत होत्या. भिंत रंगवायची म्हणून शिपायाने चौकट काढायला हात लावला, तर मुलींनी त्याला कॉलेजच्या फाटकापर्यंत पिटाळलं. भिंत रंगली, चौकटीमागचा तुकडा तेवढा जुन्या रंगाचा राहिला.

तोंडी परीक्षेचं मात्र मी मुद्दाम शेवटी ठेवलं आहे, कारण तिथे मी हजर होतो आणि ते सांगितल्याशिवाय मला झोप यायची नाही. सभागृह भरलेलं. बाहेरगावहून आलेले परीक्षक, कडक इस्त्रीचे. मागच्या रांगेत सरला, तिच्याशेजारी बाळाला घेऊन रेखा, आणि लेकीला सासरी पोचवायला आलेली रेखाची आई. परीक्षकांनी प्रबंध मिटला, चष्मा काढला आणि म्हणाले, "मॅडम, आपने खुद लिखा है कि आपका फॉर्म गलत था. फिर हम डिग्री किस बात की दें?" बाई उभ्या होत्या. टेबलाची कड धरलेली त्यांची बोटं मला मागून दिसत होती. "बात तो सही है, सर," त्या म्हणाल्या. "लेकिन जो गलत था, वह लिखे बिना यह काम पूरा नहीं होता था." परीक्षकांनी मान हलवली, पटल्याची की न पटल्याची, कळेना. मार्गदर्शक सर छताकडे बघत होते. मग परीक्षकांचं लक्ष मागे रडणाऱ्या बाळाकडे गेलं. या कोण, त्यांनी विचारलं. कुणीतरी सांगितलं, की प्रबंधातल्याच आहेत. परीक्षक रेखाकडे वळून जरा दरडावूनच म्हणाले, "तो आप लोग बिना बताए गाँव क्यों चली गईं? किसी को बताया क्यों नहीं?" रेखाने घाबरून आईकडे बघितलं. आणि तिची आई, डोक्यावरचा पदर सावरत, खुर्च्यांचा खडखडाट करत उठली आणि सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल असं म्हणाली, "आमले कोनी इचारंच नही! ही बाई गाडीम्हा बशीसन आमना घर लगून इचाराले उनी, तव्हय सांगं. तुम्ही उनात का?"