नकली मासे तपासणारे इन्स्पेक्टर

शनिवार, चौदा जून. दुपारची भांडी आवरली, जेवणाच्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरलं आणि त्यावर मासेमारीत आमिष म्हणून लावायचे माझे सगळे नकली मासे मांडले. दुसऱ्या दिवशीसाठी त्यांतले दोन-तीन निवडायचे होते. एरवी हे दहा मिनिटांचं काम. पण हे मासे माझ्यासाठी नव्हते, इन्स्पेक्टरांसाठी होते. फेब्रुवारीत त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि उजवा हात गेला. सोमवारी ते आणि वहिनी सिंगापूर सोडून कायमचे नाशिकला मुलाकडे चालले होते. त्याआधी एकदा जलाशयावर जायचं आणि एक तरी मासा आपल्या हाताने ओढून काठाशी आणायचा, एवढीच त्यांची इच्छा होती.

इन्स्पेक्टर म्हणजे पोलिसांतले नव्हेत. जुरोंग आयलंडवरच्या एका कारखान्यात पाइप आणि झडपा तपासण्यात त्यांची पंचवीस वर्षं गेली. ती सवय कंपनीच्या बसमधून रोज त्यांच्याबरोबर घरी येई. स्वतः तपासल्याशिवाय ते कुठली वस्तू वापरत नसत. एका गणपतीत मखर लावायला कुणीतरी भाड्याची शिडी आणली, तर यांनी पन्नास माणसांना थांबवून आधी शिडी आडवी केली, एकेक पायरी ठोकून पाहिली आणि तिसरी पायरी सैल निघाल्यावर शिडी परत पाठवली. मखराच्या वरच्या झालरी त्या वर्षी लागल्याच नाहीत. "बाप्पा झालरींवाचून बसेल," ते म्हणाले, "लावणारा पडला तर तो उठेलच असं नाही."

माझी त्यांची ओळख तक्रारीतून झाली. आंग मो किओ भागात आमच्याच काँडोत, म्हणजे सोसायटीत, ते आठव्या मजल्यावर राहत. माझा नवरा शिरीष रविवारी त्यांच्याबरोबर मासेमारीला जाऊ लागला आणि आमच्या घरात महागड्या जपानी नकली माशांच्या डब्या येऊ लागल्या. इथल्या जलाशयांवर जिवंत आमिष चालत नाही, त्यामुळे सगळा खेळ नकली माशांचा. मी सरळ वर गेले आणि म्हटलं, "तुम्ही ह्यांना आवरा."

"शिरीषला? तो नाही आवरायचा," ते म्हणाले. "घरातली भाजी कोण आणतं?"

"मी."

"वांगी निवडून घेता की दुकानदार देईल ती?"

"निवडून."

"मग रविवारी तुम्ही या. त्याला घरी ठेवा."

मी गेले ती शिरीषचा खर्च बंद करायला. पुढे शिरीषने मासेमारी सोडून बॅडमिंटन धरलं आणि रॉड माझ्याकडे राहिला.

क्रँकबेट हा शब्द मी त्यांच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकला. बोटभर लांबीचा, गोल पोटाचा प्लॅस्टिकचा मासा, हनुवटीला पारदर्शक प्लॅस्टिकचा ओठ. दोरा गुंडाळायला लागलं की ओठावर पाणी आपटतं, मासा खाली बुडी मारतो आणि डुलत पुढे येतो. ओठ आखूड असेल तर उथळ चालतो, लांब असेल तर खोल जातो. माझा हात साहजिकच सर्वांत सुंदर रंगाच्या माशाकडे गेला. "रंग गिऱ्हाइकाला पकडायला असतो," ते म्हणाले. "आधी पाणी किती खोल आहे ते बघा, मग ओठ बघा, मग पोट. रंग शेवटी. तोही दोनच ठेवा, गढूळ पाण्याला भडक आणि स्वच्छ पाण्याला फिका."

त्यांचा दुसरा नियम खर्चाचा. मासा स्वस्तातला घ्या, गळ चांगला घ्या. स्वस्त माशाचे गळ मऊ असतात. इथला पिकॉक बास हा दांडगा मासा एका हिसक्यात ते सरळ करून निघून जातो. म्हणून ते ऑनलाइन मिळणारे साधे मासे घेत, त्यांचे गळ काढून फेकून देत आणि मजबूत गळ बसवत. मग प्रत्येक मासा पाण्यात चालवून पाहत. तो एका बाजूला कलत असेल तर नाकातली कडी पकडीने विरुद्ध बाजूला केसभर वळवत, पुन्हा चालवत, पुन्हा वळवत. "महाग मासा कारखान्यात कुणीतरी तपासलेला असतो. आपण त्या तपासणीचे पैसे देतो. ते काम मला येतं, मग मी का देऊ?"

ही चाचणी ते काँडोच्या स्विमिंग पूलमध्ये घेत. सकाळी सातला, गळ काढून, बाजूला नोंदवही. एकदा सुरक्षारक्षक धावत आला.

"अंकल, हिअर कॅनॉट फिश लाह!"

"नो हुक," इन्स्पेक्टरांनी मासा उलटा करून दाखवला. "नो फिश ऑल्सो. ओन्ली इन्स्पेक्शन."

रक्षकाने पूलमध्ये वाकून पाहिलं. मासा खरंच नव्हता. "देन व्हॉट यू कॅचिंग?"

"डिफेक्ट्स," इन्स्पेक्टर म्हणाले. पुढच्या आठवड्यात व्यवस्थापनाचं पत्र आलं. पत्र मिळताच त्यांनी चाचणी बंद केली आणि दिलगिरीची चिठ्ठी लिहिली. नियम आपल्याला अडचणीचा आहे म्हणून तो चुकीचा ठरत नाही, असं ते मानत.

एकदा ते महिनाभर भारतात गेले आणि आपला डबा माझ्याकडे ठेवून गेले. "हवे ते वापरा." डब्यातल्या काही माशांच्या कडीला लाल दोरा होता. मला वाटलं, वहिनींनी नवरात्रात देवापुढे ठेवून बांधला असणार. म्हटलं, शकुनाचे आहेत, हेच वापरू. चार रविवार मी तेच पाण्यात टाकले. ते कसेही वेडेवाकडे जात, पण मला लागोपाठ मासे मिळाले. ते परत आल्यावर मी त्यांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी हातातला चहा खाली ठेवून खुलासा केला. कारखान्यात नापास वस्तूला लाल खूण करतात. हे त्यांचे नापास मासे होते.

दुसरा कुणी हसला असता, किंवा माझं नशीब म्हणाला असता. त्यांनी डबा मागून घेतला, पुढच्याच रविवारी जलाशयावर त्या सगळ्यांची फेरतपासणी केली आणि वहीत लिहिलं, "सरळ चालणे ही कसोटी मी ठरवली. माशाला विचारले नव्हते. तपासणी चुकली." खाली सही. त्या वयाच्या, त्या हुद्द्यावरच्या पुरुषाने आपली चूक शाईने लिहून खाली सही केलेली मी त्याआधी पाहिली नव्हती. नंतरही नाही.

तर त्या शनिवारी मी टेबलापाशी बसले होते. शिरीष म्हणाला, "जलाशय कशाला? पैसे भरून मासे पकडायचं तळं आहे ना. तिथे सोडलेलेच असतात. दहा मिनिटांत लागेल. माणूस खूश होऊन जाईल."

सोय पाहता त्याचं बरोबर होतं. वहिनींचाही फोन आला. "अगं, नाहीच लागला तर? ते काही बोलणार नाहीत, पण विमानात तेवढंच घेऊन बसतील."

"वहिनी, तळ्यावर नेलं तर ते तळ्याच्या मालकाने पकडून दिलेला मासा घेऊन बसतील."

वहिनी म्हणाल्या, "ते खरं. मग तू बघ."

मी तीन मासे निवडले. लांब ओठाचा पाण्यात जड लागतो, रिळाचं हँडल फिरवायला जोर पडतो. चार महिन्यांच्या आजारपणाने त्यांचा चांगला हातही काटकुळा झाला होता. म्हणून तिन्ही आखूड ओठाचे, हलके घेतले. गळ बदलले, कड्या पाहिल्या, डबी बंद केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आम्ही लोअर पिअर्स जलाशयावर, जिथे मासेमारीला परवानगी आहे त्या काठावर पोचलो. वहिनींनी घडीची खुर्ची लावली. इन्स्पेक्टर काठी टेकत आले, बसले आणि आधी पाण्याकडे बघत राहिले. पाणी बरंच उतरलं होतं, काठचं गवत उघडं पडलं होतं. मग त्यांनी डबी मागितली.

"हे," ते सावकाश, एकेक शब्द जुळवत म्हणाले, "माशासाठी निवडलेत, की माझ्या हातासाठी?"

खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "तुमच्या हातासाठी."

"पाणी उतरलंय. मासा आत सरकला, खोल. हे त्याच्या डोक्यावरून जातील." डबी त्यांनी माझ्या हातात दिली. "बदला."

"जड जाईल तुम्हाला."

"ते माझं मी बघतो. तुम्ही मासा बघा."

मी माझ्या पिशवीतला लांब ओठाचा काढून बांधला. रॉड उजव्या हातात धरतात आणि रीळ डाव्याने फिरवतात, म्हणजे त्यांच्याकडे कमी होता तो फक्त धरणारा हात. मी त्यांच्या उजव्या बाजूला टेकले, दूर फेकलं आणि रॉड दोघांच्या मध्ये धरला. त्यांनी डाव्या हाताने हँडल पकडलं. दहा-बारा फेरे झाले की ते थांबत, श्वास घेत, पुन्हा सुरू करत. पहिल्या खेपेला काही नाही. दुसऱ्या, तिसऱ्या, सातव्या खेपेला काही नाही. ऊन वर आलं. वहिनी थर्मास उघडून बसल्या होत्या, पण कुणी चहा घेतला नाही.

नवव्या खेपेला रॉड एकदम वाकला. दोरा कुरकुर करत सुटायला लागला. इन्स्पेक्टरांनी ओठ आवळून हँडल दाबलं. ते अर्धं फिरे आणि अडे.

"अगं, धर ना ते हँडल, मदत कर त्यांना!" वहिनी उठल्या.

माझा डावा हात मोकळा होता, हँडलपासून वीतभर अंतरावर. मी तो मागे घेतला. "नाही वहिनी."

अर्धा फेरा, आणखी अर्धा. काठाजवळ हिरवट सोनेरी पाठ आणि शेपटीवरचा डोळ्यासारखा काळा ठिपका एकदा दिसला. मग माशाने डोकं झटकलं आणि दोरा सैल पडला. क्रँकबेट आपला एकटाच डुलत वर आला.

इन्स्पेक्टरांच्या कपाळावरून घाम निथळत होता. वहिनींनी हळूच विचारलं, "निघू या का?"

"कशाला?" ते म्हणाले. "तो तिथेच आहे. आत्ताच कळलं." आणि मग माझ्याकडे न बघता, "फेका."

मी पाय घट्ट रोवले आणि पुन्हा फेकलं.