रेडिएटर तापला होता

संशोधनाचा पेपर शेवटी पाच-सहा पानांचाच होतो. त्यात तक्ते येतात, आलेख येतात, मोठ्या लोकांचे आभार येतात. पण ते आकडे गोळा करताना जे घडतं ते कुठल्याच रकान्यात बसत नाही, आणि साचत जातं. सॅम्पल ठेवायला आमच्याकडे उणे ऐंशीचा फ्रीजर आहे. किश्शांसाठी काहीच नाही. म्हणून ते दुपारच्या चहाला बाहेर काढावे लागतात!

मी नसरीन, चंद्रपूरच्या एका दवाखान्यात लॅब टेक्निशियन. आमच्या मॅडम मूळच्या पुण्याच्या, बायोकेमिस्ट्रीच्या डॉक्टर. त्यांचा विषय असा: पन्नाशीनंतर पुरुषांची प्रोस्टेटची गाठ वाढते. कॅन्सर नव्हे, साधी वाढ. पण लघवीची वाट आवळली जाते. या लोकांच्या रक्तात ऑक्सिडेशनचा ताण जास्त असतो का, आणि चांगल्या कोलेस्ट्रॉलबरोबर फिरणारी जी अँटिऑक्सिडंट एन्झाइम्स असतात, ती कमी झालेली असतात का, हे बघायचं. त्यासाठी गाठ वाढलेले पुरुष हवेत आणि तुलनेला ठणठणीत पुरुषही हवेत. ठणठणीतांना आम्ही ‘कंट्रोल’ म्हणतो.

टीम म्हणजे मॅडम, मी आणि प्रमिला सिस्टर. पुरुषांच्या लघवीवर संशोधन आणि टीममध्ये तिघीही बायका! एकच पुरुष, तो म्हणजे आमच्या जीपचे ड्रायव्हर नामदेवभाऊ. वय अठ्ठावन्न, मिशी काळी कुळकुळीत, रिटायरमेंटला दोन वर्षं.

नामदेवभाऊंना जगात एकाच गोष्टीची भीती होती. त्यांच्या आधीचे ड्रायव्हर मारोतीभाऊ. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी निघालं आणि ऑफिसनं त्यांना गाडीवरून उतरवून गेटवर बसवलं. तेव्हापासून मारोतीभाऊ गेटवर खुर्ची टाकून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे आवाज ऐकत बसतात. नामदेवभाऊ रोज त्यांना नमस्कार करायचे आणि गेट ओलांडलं की म्हणायचे, “ताई, मले कायबी होवो, पण गेटवर नोको.”

*

पहिल्याच दिवशी कंट्रोलचा फॉर्म आला. सात प्रश्न. लघवीला किती वेळा जाता, जोर लावावा लागतो का, धार बारीक झाली का, असे. प्रत्येकाला शून्य ते पाच गुण.

मॅडम म्हणाल्या, “सुरुवात घरापासून करू. नामदेवभाऊ, तुम्हाला काही तक्रार?”

“मले? काऊन राहीन!”

भाऊंनी सातही प्रश्नांवर शून्य लिहिलं, खाली झोकात सही केली आणि बाही वर करून बसले. कंट्रोल नंबर एक! दुसऱ्या दिवसापासून गावागावात ते आमच्या आधी बोलायचे, “मी सोता दिलो रक्त. नंबर एक हाव मी.”

*

आरमोरीकडच्या एका गावात ग्रामपंचायतीत अठरा पुरुष बसले होते. मॅडमनी ऑक्सिडेशन समजावून सांगितलं. लोखंड हवेत ठेवलं की गंजतं, तसंच शरीरातही होतं, आणि चांगलं कोलेस्ट्रॉल आपल्यासोबत तो गंज रोखणारी माणसं घेऊन फिरतं.

मागे बसलेले एक आजोबा बराच वेळ विचार करत होते. मग म्हणाले, “बाई, गंज लागलाच हाये तं रक्त काऊन काढता? तेल सोडा नं!”

मॅडमना हसूच आवरेना. त्यांच्या वहीत ते वाक्य अजून आहे.

त्याच गावात अठराच्या अठरा पुरुषांनी सांगितलं की तक्रार नाही. अठरा कंट्रोल एका दिवसात! प्रमिला सिस्टर खूश. मला मात्र शंका आली, कारण फॉर्म भरता भरता चौघं मागच्या दारानं जाऊन आले होते.

संध्याकाळी परत निघताना मी एका घरी पाणी प्यायला थांबले. सहज त्या भाऊंना विचारलं, “रात्री किती वेळा उठता, एकदाही नाही ना?”

“एकदाबी नाई.”

आतून, चुलीपासून आवाज आला, “उठत नाई म्हंते! खाट दारापाशी नेऊन ठेवली या मानसानं, दोन सालापासून आमी त्याले ओलांडून बाहीर जाऊन राह्यलो!”

त्या दिवसापासून आम्ही नियम केला. फॉर्म घरी भरायचा, आणि बायको समोर पाहिजे. अठरापैकी अकरा ठणठणीत पुरुष आठवड्याभरात पेशंट झाले.

नामदेवभाऊंनी तो नियम ऐकला आणि जीपचा आरसा नीट करायला लागले. आरसा नीटच होता.

*

मंडईची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. लेकी-जावई येतात, पाहुण्यांनी घर भरतं, मटण शिजतं, नाटक होतं. मॅडमना हे कुठून ठाऊक असणार? त्यांनी वडशाजवळच्या एका गावाची तारीख नेमकी मंडईच्या दुसऱ्या दिवशीची धरली. निरोप दिला, सकाळी उपाशीपोटी या.

सगळे वेळेवर आले. सगळे उपाशी. मी रक्त घेतलं, मशीनमध्ये फिरवलं. रक्त फिरवलं की वर पिवळसर, स्वच्छ पाणी यायला हवं, ते सीरम. माझ्या चौदा नळ्यांमध्ये पांढरंशुभ्र दूध!

मॅडम नळी उजेडात धरून म्हणाल्या, “नसरीन, तू डेअरीत गेली होतीस का?”

पहिल्या नंबरच्या भाऊंना विचारलं, काल कधी जेवलात? ते म्हणाले, “नाटक सुटल्यावर. पंगत उठली तं कोंबडा बोलून राह्यला होता.”

“अहो, मग उपाशी कसे?”

“तवापासून हावो नं! चहाबी नाई घेतला!”

चूक त्यांची नव्हती, आमची होती. पहाटेच्या मटणाची चरबी रक्तात तरंगत होती. चौदा सॅम्पल बाद झाली आणि मॅडमनी त्याच दिवशी तालुक्यातल्या सगळ्या मंडयांची यादी भिंतीवर लावली. त्या यादीसाठी लोक अजून आमच्या लॅबमध्ये येतात.

*

आता रेडिएटर. सीरम बर्फाच्या डब्यात घालून चंद्रपूरला आणायचं असतं. उशीर झाला, बर्फ वितळला, की डब्यातच ऑक्सिडेशन सुरू होतं आणि आकडे खोटे येतात. म्हणून वाटेत थांबायचं नाही, असा मॅडमचा दंडक.

आणि आमची जीप दर पाऊण तासाला तापायची!

भाऊ गाडी बाजूला घ्यायचे, सीटखालून पाण्याचा पिवळा डबा काढायचे आणि म्हणायचे, “रेडिएटर तापला.” मग डबा घेऊन रस्त्याच्या उजवीकडच्या झाडीत जायचे. पाणी बघायला. आम्ही तिघी संधी साधून डावीकडच्या झाडीत. दिवसभर गावात बायकांची सोय कुठे असते? सकाळपासून पाणी जपून प्यायलेलं, वर प्रत्येक घरी चहा. पण त्याबद्दल कोणी काही बोलायचं नाही. थांबलो ते रेडिएटरमुळे!

तुमच्या लक्षात आलंच असेल. आमच्या नाही आलं. प्रोस्टेटवर संशोधन करणाऱ्या तीन शिकलेल्या बायका, आणि सात महिने आम्हाला वाटत होतं की गाडी आजारी आहे.

एकदा तर मोहर्लीच्या बाजूला, जिथे वाघाच्या भीतीनं कोणी काच खाली करत नाही, तिथे भाऊ डबा घेऊन उतरले. वनरक्षक मोटरसायकलवरून ओरडत आला, “ओ भाऊ! जीव नोको झाला का? वाघ सकाळीच दिसला इथी!”

भाऊ झाडामागून ओरडले, “त्याले म्हना दोन मिनिट थांब!”

ऑफिसनं गाडी गॅरेजला पाठवली. मेकॅनिक म्हणाला रेडिएटर उत्तम आहे. मॅडमनी भांडून नवा बसवून घेतला. नवाही तापला. मग मॅडमनी आणखी भांडून दुसरी जीपच मिळवली. पहिल्याच फेरीत, भर डिसेंबरात, गार वाऱ्यात, नागभीडच्या पुढे भाऊ म्हणाले, “रेडिएटर तापला.”

मॅडम माझ्याकडे बघायला लागल्या. मी सिस्टरकडे. सिस्टर खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, “इलाजच नाही बाई या कंपनीच्या गाड्यांना.”

*

कंट्रोल लोकांचा फॉर्म वर्षाच्या आत पुन्हा भरायचा असतो. घरी, बायकोसमोर. नंबर एकपासून सुरुवात.

रविवारी सकाळी मी भाऊंच्या घरी गेले. ते दाढी करत होते. कलाबाईंनी, म्हणजे वहिनींनी, चहा टाकला. मी पहिला प्रश्न वाचला. भाऊ म्हणाले, “शून्य.”

वहिनी म्हणाल्या, “पाच.”

दुसरा. “शून्य.” “पाच.”

तिसऱ्याला भाऊंनी वस्तरा खाली ठेवला. वहिनी मात्र थांबेनात. म्हणाल्या, “ताई, उभे राहतेत तं उभेच राहतेत. नळ उघडून देतो मी, आवाज आयकून तरी होईन म्हनून. पाय सुजून राह्यले आता. म्हटलं दवाखान्यात काम करता, दाखवा कोनाले तरी. तं म्हंते, मी नंबर एक हाव!”

आणि त्या रडायला लागल्या.

भाऊंच्या अर्ध्या गालावर साबण तसाच होता. ते म्हणाले, “लिवा ताई. आता गेटवर बसवा मले.”

मला इतकी लाज वाटली की काय सांगू. परक्या गावात जाऊन मी लोकांच्या बायकांना विचारत होते आणि रोज माझ्यापुढे दोन हातांवर बसलेला माणूस मला दिसला नव्हता. राग त्यांचाही आला. पाय सुजेपर्यंत लपवायचं असतं का?

सोमवारी सोनोग्राफी झाली. मूत्राशय भरलेलंच राहत होतं आणि मूत्रपिंडांवर दाब यायला लागला होता. अजून काही महिने गेले असते तर गेटवर बसायलाही भाऊ उरले नसते, असं सर्जनसाहेब तोंडावर म्हणाले.

मॅडम आधी भरपूर ओरडल्या. “माझा कंट्रोल नंबर एक बाद! नवा रेडिएटर घेतला मी! नवी गाडी घेतली!” मग चष्मा पुसत बसल्या. मग म्हणाल्या, “दुर्बिणीतून ऑपरेशन होईल. सहा आठवडे आराम. मग चालवा गाडी.”

“असं सारेच म्हंतेत म्याडम. मारोतीलेबी म्हटलं होतं.”

“मग काय करू?”

“कागदावर लिवून द्या. औषध लिवता तसं.”

मॅडमनी दवाखान्याचा कागद ओढला, वर भाऊंचं नाव, वय, तारीख लिहिली, आणि खाली औषधाच्या जागी लिहिलं: जीप. सहा आठवड्यांनी सुरू करणे. रोज. रिटायर होईपर्यंत. सही, शिक्का.

ऑफिसचे साहेब तो कागद बघून म्हणाले, असं काही चालत नाही. मॅडम म्हणाल्या, मग तुमची सही असलेल्या रेडिएटरच्या फाइलपासून बोलू. साहेबांनी कागद फाइलला लावला.

ऑपरेशनच्या आधी भाऊंनी पुन्हा रक्त दिलं, या वेळी पेशंटच्या यादीत. जाताना विचारलं, “यात नंबर कितवा?” मी सांगितलं, त्रेचाळीस. तोंड पाडून गेले!

*

सात आठवड्यांनी पहिली फेरी, वडशाची. कागदाची झेरॉक्स प्लास्टिकमध्ये घालून भाऊंनी काचेजवळ लावलेली. गेटवर मारोतीभाऊ उठून उभे राहिले आणि त्यांनी गेट स्वतः उघडलं. भाऊंनी इतका मोठा हॉर्न दिला की ओपीडीतले पेशंट बाहेर आले.

दिवस झकास गेला. नऊ घरं, नऊ चहा, दोन ठिकाणी ताक. बावीस सॅम्पल, एकही दूध नाही. चारला परत निघालो.

ब्रह्मपुरी गेलं. भाऊ गाणं गुणगुणत होते.

नागभीड गेलं. भाऊ म्हणाले, “पाहून राह्यले का म्याडम? एकबी ब्रेक नाई!”

“हो,” मॅडम म्हणाल्या. त्या एकदम ताठ बसल्या होत्या.

सिंदेवाही आलं. प्रमिला सिस्टर म्हणाल्या, “भाऊ, ऑपरेशननंतर थोडं दमानं घ्यावं. मध्ये थांबलं तरी चालते.”

“काऊन थांबाचं? बर्फ वितळते नं! सर्जनसायबानं असं काम केलं, आता डायरेक चंद्रपूर!”

मॅडमनी माझा हात धरला. मी सिस्टरकडे बघितलं. सिस्टरनी डोळे मिटून घेतले होते आणि ओठ हलत होते. पुढे मूलपर्यंत नुसतं जंगल. दोन्ही बाजूंना दाट, छान झाडी. एकामागून एक मागे जात होती.

शेवटी मीच म्हटलं, “भाऊ, गाडी थांबवा.”

भाऊंनी आरशात बघितलं. माझ्याकडे, मग सिस्टरकडे, मग मॅडमकडे. गाडी हळू केली, डाव्या बाजूला घेतली, हँडब्रेक लावला. सीटखाली वाकून तो पिवळा डबा काढला, मागे वळले आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं माझ्या हातात देत म्हणाले,

“रेडिएटर तापला का, ताई?”