सखाराम विहिरीत नव्हता

माझे आजोबा ज्याला वाचवायला विहिरीत थांबले आणि गेले, तो माणूस तेव्हा दुकानात बिडी घेत होता.

हे आम्हाला कळायला चाळीसेक वर्षं गेली.

मी आजोबांना पाहिलेलं नाही. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. बाबा तेव्हा नऊ वर्षांचे, आजोबा अडतीसचे.

घरात त्यांचा एकही फोटो नाही. जुन्या रेशनकार्डावर नाव तेवढं आहे.

आजोबा विहिरी खणायचे. चार जणांची टोळी होती. रत्नागिरीच्या आसपास कुठेही बोलावणं आलं की पहार, घमेली आणि दोरखंड घेऊन निघायचे.

आजी सांगायची, "दोघांना वाचवलान आणि स्वतः गेला."

आम्ही नातवंडं तेच ऐकत मोठी झालो. शाळेत "माझे आजोबा" निबंधात मी तेच लिहिलं होतं.

त्या दोघांपैकी एक, विठोबा, मागेच वारला. दुसरे सखाराम आजोबा. पलीकडच्या वाडीत राहतात.

आजी असेपर्यंत ते कुठे भेटले की ती त्यांना म्हणायची, "जप रे बाबा. तुज्या जिवात माज्या माणसाचा जीव हाय."

ते मान खाली घालून उभे राहायचे. आम्हाला वाटायचं, उपकाराचं ओझं असेल.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये मी स्कूटी काढून त्यांच्याकडे गेले. आजोबा दिसायला कसे होते, एवढंच विचारायचं होतं. त्यांच्याबरोबर काम केलेलं आता दुसरं कोणी उरलेलं नाही.

सखाराम आजोबा अंगणात आमसुलं वाळत घालत होते.

"बुटका व्हता," ते म्हणाले. "तुज्या बापसापेक्षा बुटका. केस दाट. पोवता येत नव्हता त्याला."

"विहिरी खणायचे आणि पोहता येत नव्हतं?"

"पानी लागला की आमी वर. पोवतो कशाला."

मी हसले. ते हसले नाहीत.

बराच वेळ आमसुलं उलटत बसले. मग म्हणाले, "मी खाली नव्हतोच गो."

मला कळलंच नाही.

मग त्यांनी सगळं सांगितलं.

एका बागायतदाराची जुनी विहीर खोल करायची होती. पाणी उपसायला डिझेलचं इंजिन आत उतरवलेलं. सकाळभर ते चालू. धूर खालीच कोंडला होता.

दुपारी जेवायची सुट्टी झाली. आजोबा आणि आणखी एक गडी आधीच वर येऊन काजूच्या सावलीत भाकरी सोडत होते. खाली विठोबा आणि सखाराम.

सखाराम वर चढले. बिडी संपली होती. कोणाला न सांगता मागच्या मागे दुकानाकडे गेले.

विठोबा इंजिन बंद करायला थांबला. बंद केलं, आणि तिथेच कोसळला.

आजोबांनी दोन हाका मारल्या. ओ आली नाही. तसेच दोर धरून खाली उतरले. विठोबाला दोराला बांधलं. वरच्या गड्याने आणि धावत आलेल्या बागायतदाराने त्याला ओढून घेतलं.

मग आजोबांनी खालून विचारलं, "सख्या वर आलाय काय?"

वरचे म्हणाले, "नाय."

खरंच कोणी पाहिलं नव्हतं त्यांना.

दोर परत खाली सोडला. "तू ये वर," वरचे सांगत होते. आजोबांनी दोर धरला नाही. उपसा थांबल्यावर छातीपर्यंत चढलेल्या पाण्यात, धुरात, ते हाका मारत सखारामांना चाचपत होते.

"मी आलो तवा सगली वाकून बघत व्हती," सखाराम आजोबा म्हणाले. "मी पन वाकलो. इचारला, कोन रे खाली?"

आजोबांना वर काढलं तेव्हा ते गेलेले होते.

त्या संध्याकाळी टोळीतल्या त्या गड्याने सांगितलं, त्याच्या बायकोला हे कळता कामा नये. दोघांना वाचवून गेला म्हणा. निदान तेवढं तरी तिच्याकडे राहील.

आणि तेच राहिलं. आजी तेच उराशी धरून गेली.

घरी येऊन मी बाबांना सांगितलं. ते पेटीत गवत पसरून आंबे लावत होते. हात थांबले.

"म्हणजे आबा हाका मारत होते, आणि तिथे कोणी नव्हतं," एवढंच म्हणाले.

रात्री जेवले नाहीत. आई म्हणाली, आता त्या सखारामाचं तोंड बघणार नाहीत हे.

मलाही तसंच वाटलं. मी उगाच विचारायला गेले, असंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा म्हणाले, "चल."

आम्हाला बघून सखाराम आजोबा उठून उभे राहिले. हात जोडले. बाबांनी ते हात धरून खाली घेतले आणि त्यांना ओट्यावर बसवलं.

"काका, इतकी वर्षं का नाही बोललात?"

"तुजी आयस सुखी दिसायची रे, मला बघून. तेवढ्यासाठी."

बाबा म्हणाले, "आबांना कोणीतरी सांगायला हवं होतं की तुम्ही वर आहात. त्यांना बरं वाटलं असतं."

सखाराम आजोबा रडले. बाबाही रडले. मी बाबांना आजवर रडताना पाहिलं नव्हतं, आजी गेली तेव्हाही नाही.

आज आजोबांच्या श्राद्धाचा दिवस.

बाबांनी सखाराम आजोबांना जेवायला बोलावलंय. ते आलेत, ओटीवर बसलेत. बाबा त्यांना विचारतायत, आबा चिडायचे का हो, गाणं म्हणायचे का. मी आतून ऐकतेय.

आजोबा, आपली भेट झाली नाही.

नमस्कार करते.

तुमची नात.