पंचावन्न सालचा ओटा

दारावर आलेला विक्रेता आमच्याकडे सहसा दुसऱ्यांदा येत नसे. ठाण्याच्या कोर्टात मी नकला ताडून पाहायचं काम करायचे. मूळ कागद एका हाताला, टंकलेली नक्कल दुसऱ्या हाताला, आणि एक काना इकडचा तिकडे झाला की लाल पेन्सिल. पंधरा वर्षं हे केल्यावर माणूस संशयी होतो, असं माझ्या मैत्रिणी म्हणायच्या. खरं सांगायचं तर मी आधीपासूनच तशी होते. कोर्टानं फक्त त्याचा पगार दिला.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. एका संध्याकाळी डोंबिवलीच्या घरी पोचले, तर स्वयंपाकघरात एक दाढीवाला परका माणूस मांडी घालून बसलेला, आणि आई माळ्यावरची भांडी काढून त्याच्यापुढे मांडत होती. घरात आम्ही दोघीच राहायचो. ठाण्याला, खाडीकडच्या रस्त्यावर एका बंगल्यात मालिकेचं चित्रीकरण व्हायचं होतं. पंचावन्न सालचं एक मराठी कुटुंब. हा माणूस त्यातल्या खोल्या सजवणार होता आणि जुन्या स्वयंपाकघराच्या शोधात हिंडत होता. शेजारणीनं त्याला आमचं दार दाखवलं होतं. मी त्याच्याकडे कार्ड मागितलं. त्यानं दिलंही, पण कार्ड काय, कोणीही छापून घेतं. पितळी डबे, पंपाचा स्टो, रवी, तांब्याचा बंब, सगळ्याची मी यादी केली, कुठल्या भांड्याला कुठे पोचा आहे तेही लिहिलं आणि खाली त्याची सही घेतली.

"ताई, तुम्ही पोलिसात आहात का हो?" त्यानं विचारलं.

"कोर्टात," मी म्हटलं.

जुन्या काळाच्या मालिका मी टीव्हीच्या अगदी पुढ्यात बसून बघायचे. गोष्टीत मला गम्य नव्हतं. नायिका रडत असली की मी तिच्या मागची फळी बघायचे. स्वातंत्र्याआधीचं घर, आणि फळीवर स्टीलचे डबे ओळीनं उभे! बोहारणीनं जुन्या साड्यांवर आमच्या घरात पहिलं स्टीलचं पातेलं आणलं तेव्हा मी शाळेत जात होते, मला लख्ख आठवतं. एकदा तर नऊवारीतल्या सासूच्या हातात प्लॅस्टिकची गाळणी होती. हे लोक आपल्याला मूर्ख समजतात, असंच मला वाटायचं, आणि त्याचा मला मनापासून राग यायचा.

म्हणून तो माणूस पुन्हा आला आणि "मावशी, एकदा येऊन बघता का, बरोबर जमलंय का," असं आईला म्हणाला, तेव्हा मीही दुसऱ्या शनिवारची सुट्टी धरून बरोबर गेले. मला तिथे लगेच तीन गोष्टी सापडल्या: नायलॉनची दोरी, गॅसचा लायटर आणि मोरीत निळी प्लॅस्टिकची बादली. आईनं मात्र काही शोधलं नाही. ती चुलीपुढे बसली, हात लांब करून बघितला आणि म्हणाली, "घागर उजवीकडे घ्या. बसलेल्या बाईला मागे वळायला लागता कामा नये. आणि स्टोची पिन इथे भिंतीतच खोचलेली हवी." तो वहीत लिहून घेत होता. जन्मभर आईला कुणी इतकं नीट ऐकून घेतलेलं मी बघितलं नव्हतं. मला फार बरं वाटलं.

मग तालीम झाली. सुनेचं काम करणारी मुलगी चुलीपुढे बसायची, भाकरी थापायची, उठून पंगतीत वाढायची, परत येऊन बसायची. दिग्दर्शक "पुन्हा एकदा" म्हणायचा. असं सहा-सात वेळा झालं. ती उठताना भिंतीला हात लावत होती. काय हे नखरे, आमच्या आयांनी असाच जन्म काढला, असं माझ्या मनात आलं. त्यानंतर आई दोनदा एकटीच बसनं जाऊन आली.

ऑफिसात मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, या मालिकेतलं स्वयंपाकघर आईनं कल्याणच्या आपल्या सासरच्या आठवणीवरून सांगितलंय, त्यात एक चूक काढून दाखवा. पहिला भाग लागला. पडद्यावर आमचे डबे आले, आमचा स्टो आला, आणि तो स्टो होता ओट्यावर. चांगला कमरेएवढा उंच, काळा ओटा. सून आमच्याकडे पाठ करून उभ्याउभ्या पोळ्या लाटत होती.

"आई, हे काय?"

"छान झालंय की," आई म्हणाली आणि मेथीची जुडी घेऊन आत गेली.

सोमवारी आमचे टिटवाळ्याचे हेडक्लार्क माझ्या टेबलापाशी मुद्दाम थांबले. "आमच्या घरी ओटा यायला सत्तर साल उजाडलं हो. तुमच्या आईंच्या सासरी कल्याणला पंचावन्न सालीच? मोठी माणसं बुवा तुम्ही!" माझे कान तापले. दुपारी डबा तसाच ठेवून मी रिक्षानं त्या बंगल्यावर गेले. कॅमेऱ्याच्या सोयीसाठी त्या दाढीवाल्यानंच परस्पर ओटा घुसवला आणि नाव माझ्या आईचं खराब केलं, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

त्यानं वही उघडून माझ्यापुढे धरली. "मावशींनीच सांगितलं, ताई. मी दोनदा विचारलं, तेव्हा खाली बसून नव्हते का करत? म्हणाल्या, आमच्याकडे ओटाच होता. दोन दिवसांत प्लायवूडचा करून घेतला, दिग्दर्शक बोंबलले माझ्या नावानं. पण मावशींचा शब्द म्हणजे शेवटचा, असं ठरलेलं ना आपलं."

परत येताना माझा राग कुठल्या कुठे गेला. माझ्या थोरल्या मावशीचं असंच सुरू झालं होतं. आधी ती न घडलेल्या गोष्टी सांगायला लागली, मग घडलेल्या विसरली, आणि शेवटी आईलाच "आपण कोण?" असं विचारू लागली. चार दिवस मी आडून आडून आईची परीक्षा घेतली. कल्याणच्या घरी पाटा कुठे होता? दूध कुठल्या कपाटात ठेवायचे? कल्हईवाला कुठे बसायचा? तिनं भाजी चिरता चिरता सगळं सांगितलं, आणि मागे कधी सांगितलेल्याशी ते तंतोतंत जुळलं. म्हणजे आई विसरली नव्हती. ती खोटं बोलली होती. माझी आई, जी उसनी वाटीभर साखरसुद्धा शीग लावून परत करायची.

मी सरळच विचारलं. "कल्याणला ओटा होता?"

"कुठून असणार?"

"मग त्यांना होता म्हणून का सांगितलंस? माझं सगळ्या ऑफिसात हसं झालं."

तिनं विळी आडवी केली. "अगं, ती सून झालेली मुलगी पोटुशी आहे. तिसरा महिना. उठण्याबसण्यावरून कळलं मला. आत नेऊन विचारलं तर रडायलाच लागली. म्हणाली, मावशी, कुणाला सांगू नका, मला काढून टाकतील. आता उभी तरी राहते बिचारी. तोंड भिंतीकडे असतं, पोट दिसायचा प्रश्न नाही."

"पण सगळ्या बायका बसूनच करायच्या ना त्या वेळी?" मी उगाच म्हटलं.

"करायच्या. मीही केलं. शंभर वेळा खाली बसायचं, शंभर वेळा उठायचं. तुझ्या आजोबांना म्हटलं होतं, गवंडी बोलावून एवढा ओटा घालून घेऊ या. म्हणाले, आज उभ्यानं रांधशील, उद्या चपला घालून रांधशील. तुझ्याआधीचं राहिलं नाही ते त्याच महिन्यात."

माझ्याआधी कोणी होतं, हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं. छत्तीस वर्षं मी या बाईच्या हातचं जेवत होते. जगातल्या प्रत्येक कागदावर संशय घेतला, पण हिला कधी काही विचारलं नाही. मला स्वतःची लाज वाटली. आईनं विळी पुन्हा उभी केली आणि उरलेली गवार चिरायला घेतली.

दुसऱ्या दिवशी हेडक्लार्क पुन्हा टेबलापाशी आले. "काय, विचारलंत का आईंना?"

"विचारलं. ओटा होता."

"पंचावन्न साली?"

"हो," मी म्हटलं. "आईला दिवस गेले होते ना, तिला खाली बसवेना. म्हणून आजोबांनी मुद्दाम गवंडी बोलावून घालून घेतला."