न दुखणारे डाग

शेळगावच्या आबांनी मला वाचवलं, हे आधी सांगतो. पुढचं सांगताना अजून जीभ अडते.

नव्वदनंतरची ती वर्षं. मी चौथीतच शाळा सोडलेला. बायको वारल्यावर यवतमाळकडून इतक्या लांब, उसाला पाणी द्यायच्या कामावर आलो. वय पन्नाशीच्या पुढं. शेजारच्या वस्तीवर माझ्याच वयाची एक विधवा बाई एकटी राहायची. आमचं जुळलं. त्या वयात पोरं व्हायची भीती नव्हती, म्हणून निरोधचा विचार मनाला शिवलाही नाही.

मग लघवीच्या जागी जखम झाली. दुखेना, खाजेना. पाटाकडेच्या म्हसोबाजवळ मी लघवीला बसलो होतो, त्याचाच कोप, असं मनानं घेतलं. नारळ फोडला. काही आठवड्यांनी जखम आपोआप गेली. सुटलो म्हणावं, तर धास्ती उलट वाढली. वारा पडलेला असताना ऊस सळसळायचा आणि वाटायचं, ते गेलेलं नाही, आत कुठंतरी दडून बसलंय.

आबा पूर्वी मेंढरं राखायचे. एकदा त्यांच्याकडून तंबाखू घ्यायला हात पुढं केला, तर तळव्यावर तांबूस डाग. तेही न दुखणारे. आबांनी हात उजेडाकडं वळवला.

"पाव्हणं, हे कवापास्नं हाय?"

मी म्हसोबाचं सांगितलं.

"म्हसोबाला दुसरी कामं न्हाईत व्हय? तुमी कुठं मुतताय ते बघत बसाय?" हसता हसता ते थांबले. "कळपात एकाला लागलं तर आमी सगळ्यास्नी औषीद द्यायचो. दुसरं कोण हाय, सांगा." मी त्या बाईचं सांगितलं.

त्यांनीच मला बारामतीच्या दवाखान्यात नेलं, माझ्याशेजारी बाकावर बसून राहिले. रक्त तपासलं, गरमी, म्हणजे सिफिलिस, निघाली. डॉक्टर म्हणाले, "जखम गेली म्हणून रोग जात नाही. इंजेक्शन घ्या. त्या बाईंनाही आणा. दोघंही बरी होईपर्यंत एकमेकांपासून लांब राहा, आणि पुढं निरोध वापरा. तो फक्त मूल टाळायला नसतो."

तिनं घरात घेतलं नाही तर? संध्याकाळी तिच्या दारात उभा राहून कसंबसं सांगितलं. चुलीच्या जाळासमोर तिनं दोन्ही तळवे उघडे केले. तेच डाग.

"मला वाटलं, गेलेले मालक रागावले," ती हळूच म्हणाली. माझ्या अंगावर काटा आला.

"उद्या चल माझ्यासंगं."

"लोक काय म्हणतील?"

"आबा सांगणार हायेत, तुझं गुडघं दुखतात."

ती आली. इंजेक्शन घेऊन बाहेर पडली तेव्हा लंगडत होती. गुडघ्याचं सोंग फार करावं लागलं नाही.

आबांनी ही गोष्ट कुणाला कळू दिली नाही. त्यांच्यावर कधी दवाखान्याची वेळ आली, तर मी असेन तिथून येईन, त्यांच्याशेजारी बाकावर बसेन आणि काय झालंय ते कुणाला सांगणार नाही.