एका दिवसापुरती बारा दुकानं

ती घटना आठवली की आजही मला आधी स्वतःचा राग येतो. धक्का त्यानंतर. चंबळच्या बाजूची पोस्टिंग मी केली, शेतात पडलेली प्रेतं उचलली, पण तोंडाला कोरड पडावी असा धक्का मला कर्जाच्या एका फॉर्मनं दिला. नोकरीची शेवटची वर्षं होती. ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या एका ठाण्याचा मी प्रमुख होतो, आमच्याकडच्या बोलीत टी.आय.

जानेवारीतली सकाळ. हजेरी झाली होती, गस्तीवरची माणसं सह्या करून घरी निघाली होती आणि मुंशी रोजनामचा लिहीत बसला होता. साठीची एक बाई आत आली. बिर्ला नगरात राहणारी, पूर्वीच्या मिल कामगाराची विधवा. एका शाळेत मुलांची खिचडी शिजवायची. तिनं पिशवीतून एक नोटीस काढून टेबलावर ठेवली आणि ती उभीच राहिली. बस म्हटलं तरी बसेना.

नोटीस एका फायनान्स कंपनीची होती. नई सडकच्या मागे उभ्या राहिलेल्या नव्या व्यापारी संकुलात तुम्ही दुकान विकत घेतलं, त्यासाठी आमच्याकडून अठरा लाखांचं कर्ज घेतलं, हप्ते थकले, तेव्हा जादा तारण म्हणून दिलेल्या तुमच्या राहत्या घराचा ताबा पंधरा दिवसांत घेऊ, असा मजकूर.

"दुकान कुठे आहे तुझं?" मी हिंदीत विचारलं.

"दुकान मेरी नहीं है साहब. बस एक दिन खड़ी हुई थी उसमें. फोटो खिंची, पाँच सौ रुपए मिले."

"सही केली होतीस?"

"सब ने करी. बारह जने थे हम."

ठाण्यातल्या माणसाच्या तोंडात काही वाक्यं कायमची बसलेली असतात. त्यातलं एक मी तिच्या तोंडावर फेकलं : हा दिवाणी मामला आहे, वकील गाठ. अर्ज ठेवून घेतला, पोच दिली, आणि ती गेली. कर्ज घ्यायचं, बुडवायचं आणि मग मला काही माहीत नाही म्हणायचं, असे लोक मी रोज पाहत होतो. तिलाही मी त्यांच्यातच बसवलं. राग येतो म्हणालो तो याचा.

दोन दिवसांनी नई सडकवरचा एक म्हातारा पेंटर आला. दुकानांच्या पाट्या रंगवणारा. फ्लेक्सच्या जमान्यात त्याच्याकडे फारसं काम उरलेलं नव्हतं. आला तो वेगळ्याच तक्रारीसाठी, कोणीतरी त्याची सायकल नेली होती. अर्ज लिहून झाल्यावर उठता उठता म्हणाला, "साहब, एक बात और है. बुरा मत मानना."

गेल्या वर्षी एका बिल्डरच्या माणसानं त्याच्याकडून एकदम बारा पाट्या करून घेतल्या होत्या. कपड़ा भंडार, जनरल स्टोर, टेलर, अशा. दुप्पट पैसे, दोन दिवसांची मुदत.

"चालीस साल से बोर्ड लिख रहा हूँ. आदमी भगवान का नाम भूल जाए, फोन नंबर नहीं भूलता. इन बारह में एक पे भी नंबर नहीं था. पूछा, तो बोला, तू लिख. और चौथे दिन वही बोर्ड मैंने कबाड़ी के ठेले पे देखे."

बारा हा आकडा ऐकला आणि मी खुर्चीतून उठलो. त्या बाईला मी काय म्हणालो होतो ते मला शब्दन् शब्द आठवलं.

त्याच दुपारी हेड कॉन्स्टेबलला घेऊन संकुलावर गेलो. हेड कॉन्स्टेबल भिंडचा, आडदांड आणि हुशार. तळमजल्यावर बारा शटर, बाराही बंद. वर पाट्या अडकवायचे हूक होते, पाट्या नव्हत्या. एक शटर उचललं तर आत सिमेंटची धूळ. त्या धुळीत वर्षभर पाऊल पडलेलं नव्हतं.

वाचकांना इथे थोडं समजावून सांगायला हवं. जुन्या लश्करात जागांची कागदपत्रं फार गुंतागुंतीची असतात. कुठे पगडी, कुठे तीन पिढ्यांची वाटणी, कुठे सरकारी जमिनीचा वाद. मोठ्या बँका अशा दुकानांना कर्ज द्यायला कां-कूं करतात. मग आसपासच्या दोन-चार जिल्ह्यांत धंदा करणाऱ्या छोट्या फायनान्स कंपन्या पुढे येतात. व्याज जास्त, कागद कमी. त्यांचा माणूस येऊन चालू दुकानाचा, पाटीसकट, मालक समोर उभा असलेला फोटो काढतो. जादा तारण म्हणून घराचे कागद घेतो. फाइल मंजूर होते आणि पैसे थेट बिल्डरच्या खात्यात जातात. दुकान घेणाऱ्याच्या हातात रुपयाही पडत नाही. यात सगळा भरवसा त्या फोटोवर असतो.

आम्ही कंपनीच्या शाखेतून बारा फाइली जप्त केल्या. फोटोत ती बाई होती. 'कपड़ा भंडार'च्या पाटीखाली डोक्यावर पदर घेऊन, हात जोडून उभी. मागे फळीवर कापडाचे तागे. एका फाइलीतले निळे तागे दुसऱ्या फाइलीतल्या टेलरच्या दुकानातही तसेच्या तसे रचलेले होते.

शाखेचा मॅनेजर पस्तिशीचा, टाय लावलेला. त्याला समोर बसवलं तेव्हा तो आधी नियम सांगत होता. मी सगळे फोटो टेबलावर ओळीनं मांडले. मॅनेजरला दरडावावं लागत नाही, त्याला त्याचंच काम दाखवावं लागतं. दहा मिनिटांत टाय सैल झाला.

"सर, टारगेट था. दुकान भरी दिखी, तो पास कर दी."

"खिचडी शिजवणारी बाई अठरा लाखांचं दुकान कशी घेईल, हे विचारलं नाहीस?"

"फॉर्म में कपड़ा व्यापारी लिखा था, सर."

बिल्डर झाशीला सासुरवाडीत लपला होता, त्याला चौथ्या दिवशी उचललं. त्यानं कबूल केलं, पण अर्धंच. माणसं जमवली कोणी आणि फॉर्म भरले कोणी, यावर तो 'दलाल होता, नाव माहीत नाही' यापुढे सरकेना. गंमत म्हणजे ते बारा जणही, सगळे बिर्ला नगरचेच, सरकेनात. प्रत्येकाचा वेगळा जबाब घेतला. फॉर्म कोणी भरला? "था कोई भला आदमी." चेहरा आठवतो? "नहीं साहब." बारा जणांचं एकच उत्तर, आणि देताना सगळ्यांची नजर जमिनीवर. माणूस भीतीनं खोटं बोलतो, लोभानं बोलतो, ते खोटं आम्ही ओळखतो आणि मोडतोही. हे मोडत नव्हतं. हे कसलं खोटं आहे तेच मला कळत नव्हतं.

पेंटर येऊन गेल्याच्या आठवड्यानं एका दुपारी फाइली पुन्हा काढून बसलो. ताब्याच्या मुदतीला चार दिवस उरले होते. कोर्टात स्थगिती मागायची तर फसवणुकीची साखळी पुरी दाखवायला हवी होती, आणि मधली कडी गायब होती. हेड कॉन्स्टेबल नावं मोठ्यानं वाचत होता. वाचता वाचता वैतागला.

"साहब, ये नाम कैसे लिखे हैं? मुन्नी रामस्वरूप कुशवाह. हरिओम भगवानदास कोरी. औरत के नाम में आदमी घुसा है, बेटे के नाम में बाप."

नावं मी इथे बदलली आहेत, पण मांडणी हीच होती. तो हसत होता. मी फाइल त्याच्या हातून ओढून घेतली.

आमच्या भागात हिंदी माणूस असं नाव लिहीत नाही. तो लिहितो मुन्नी देवी, पत्नी श्री रामस्वरूप. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे घालण्याची सवय मराठी माणसाची. पिढ्यान् पिढ्या ग्वाल्हेरात राहिलो, घरातली पोरं निम्मं वाक्य हिंदीत बोलायला लागली, पण ही सवय सुटली नाही. माझ्या सर्व्हिस बुकात वडिलांचं नाव असंच मधे शिरलं होतं आणि भोपाळहून दोनदा दुरुस्तीचं पत्र आलं होतं. बाराही फॉर्म एका मराठी हातानं भरले होते.

आणि बिर्ला नगरच्या लोकांचे फॉर्म भरणारा मराठी माणूस ग्वाल्हेरात एकच होता.

त्यांना सगळे अण्णा म्हणत. मिलच्या टाइम ऑफिसात कारकून होते. मिल बंद पडली तरी दर रविवारी सायकलवरून तिकडे जायचे आणि कामगारांचे अर्ज, रेशनचे फॉर्म, मुलांच्या फी-माफीचे कागद फुकट भरून द्यायचे. माझ्या वडिलांचे जवळचे मित्र. माझं लग्न त्यांनी जुळवलं. मराठी समाजाच्या गणपतीत त्यांच्या हातून आरती घेताना मी वाकून नमस्कार करत असे.

मी बाहेर जाऊन उभा राहिलो. मनात एकच होतं : माझी चूक होऊ दे. दुसरा कोणी तरी निघू दे.

चूक नव्हती. त्यांच्या घरी गेलो तेव्हा अण्णा अंगणात उन्हाला बसून मटार सोलत होते. मी फाइल पुढे धरली. त्यांनी चष्मा लावून पाहिली आणि म्हणाले, "अक्षर माझंच आहे. बस ना. चहा घेऊन टाक." इतक्या साध्या आवाजात, की जणू मी लग्नाची पत्रिका दाखवायला आलो होतो.

ठाण्यात आणल्यावर जबाब लिहायला हेड कॉन्स्टेबल बसला. अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"अरे, तू घरचा पोरगा. याला जरा बाहेर बसव ना. आपण मराठीत बोलून घेऊ. घरची गोष्ट घरात राहून जाईल."

हेड कॉन्स्टेबलला मराठी येत नव्हतं, पण काय चाललंय ते त्याला कळलं. पेन खाली ठेवून तो माझ्या तोंडाकडे बघू लागला. त्या क्षणी मला वडील आठवले, गणपती आठवला, आणि टेबलापाशी उभी राहिलेली, न बसलेली ती बाईही आठवली.

"बयान हिंदी में होगा, अण्णा," मी म्हणालो. "हेड साहब लिखेंगे."

माझ्या आयुष्यात अण्णांशी मी हिंदीत बोललेलं हे पहिलं वाक्य. त्यांचा चेहरा उतरला. मग त्यांनी सगळं सांगितलं. एका फाइलीमागे तीन हजार रुपये. सरकारी योजना आहे असं सांगून माणसं त्यांनीच जमवली, पत्त्याचा पुरावा म्हणून घराचे कागदही त्यांनीच मागून घेतले. एकानंही नाही म्हटलं नाही. अण्णा मागतायत म्हटल्यावर कोण म्हणणार?

"क्यों किया?" मी विचारलं.

तेव्हा मात्र ते मराठीत बोलले, आणि मी त्यांना थांबवू शकलो नाही.

"पंचवीस वर्षं फुकट भरले रे यांचे फॉर्म. एकानं कधी विचारलं नाही की अण्णा, सायकल पंक्चर झाली तर पैसे कुठून देता? आणि यांच्या त्या खोल्यांना विचारतंय कोण? मला वाटलं, जप्तीला कोणी येणारच नाही."

पश्चात्ताप असता तर मला तो कळला असता. गरज असती, आजारपण असतं, तरी कळलं असतं. पंचवीस वर्षं हा माणूस हसतमुखानं बसत होता आणि आत त्याचा हा हिशेब चालू होता, हे मला आजही पचत नाही.

अण्णांच्या जबाबानं साखळी पुरी झाली. मुदतीच्या आदल्या दिवशी कोर्टानं ताब्याला स्थगिती दिली आणि पुढे काही महिन्यांनी बारा घरांचे कागद मोकळे झाले. समाजात मात्र मी वाईट ठरलो. 'घरचा माणूस होता, समजावता आलं असतं,' असं लोक तोंडावर म्हणाले. त्या वर्षी गणपतीत माझ्याशी कोणी धड बोललं नाही. अण्णा जामिनावर सुटले आणि खटला संपायच्या आत वारले. मी अंत्ययात्रेला गेलो. मागे चाललो.

घराचे कागद घ्यायला ती बाई ठाण्यात आली तेव्हा मी तिला विचारलंच, "त्यांचं नाव का सांगितलं नाहीस?"

"उनका नाम थाने में लिखवाते साहब? पाप लगता."

कागद पिशवीत घालून ती दारापर्यंत गेली आणि परत फिरली.

"साहब, मेरे आदमी के मरने पे मिल का क्लेम भी उन्होंने ही भरा था. जो पैसा मिला, उसी से बच्चे पले." मग तिनं विचारलं, "वो तो ठीक भरा था न?"

मी बरीच वर्षं मानत आलो की गुन्हा उघडकीला आणला, माल परत केला, की पोलिसाचं काम संपतं. तसं नसतं, हे मला त्या प्रश्नानं शिकवलं. घर मी तिला परत दिलं होतं. पण तिच्या आयुष्यातला एकुलता एक भला माणूस आम्ही दोघांनी मिळून तिच्याकडून काढून घेतला होता, अण्णांनी आणि मी. मिलचं टाइम ऑफिस कधीच भंगारात गेलं होतं. तो क्लेम तपासायला कागदाचा एक तुकडा उरलेला नव्हता.

"हाँ अम्मा," मी म्हणालो, "वो ठीक भरा था."

ती मान हलवून गेली. पुराव्याशिवाय मी दिलेला जबाब एवढा एकच, आणि तो खरा होता की नाही हे मला आजही माहीत नाही.