सोडा बाटलीच्या झाकणांचं वेळापत्रक

शाळेचं वेळापत्रक चित्रकलेच्या सरांनी का करायचं, हा प्रश्न आमच्या डोणगावच्या शाळेत अठ्ठावीस वर्षांत कुणाला पडला नाही. गुलाम रसूल सरांचं अक्षर मोत्यासारखं आणि त्यांच्याकडे रंग, पट्टी सगळं हाताशी, म्हणून तक्ता त्यांच्या गळ्यात पडला तो पडलाच. बाकीच्यांना वाटायचं, हा माणूस चौकटी आखतो. मलाही तेच वाटायचं. मी तर त्यांचाच विद्यार्थी. पाचवीत माझ्या हत्तीचे पाच पाय त्यांनी भर वर्गात मोजून दाखवले होते. आता त्याच शाळेत मी गणित शिकवतो. यंदाच्या जुलैतले ते आठ दिवस आठवले की मला अजून एका जागी बसवत नाही.

झालं असं की वाडीला जाणाऱ्या एसटीची वेळ बदलली. आधी ती पाच वीसला सुटायची, आता चार पस्तीसला सुटू लागली, आणि पुढची गाडी थेट सातला. आमची शाळा सुटते पाचला. त्या गाडीनं दहावीच्या अकरा मुली जायच्या. दोन दिवसांत त्यांचे वडील मुख्याध्यापकांसमोर येऊन उभे राहिले. अकरमभाई गवंडीकाम करतात, त्यांची सफा वर्गात पहिली. ते शांतपणे म्हणाले की अंधारात पोरी आणायच्या नाहीत, दाखले द्या. अकरा अर्ज टेबलावर पडले. मुख्याध्यापकांनी हात जोडून आठ दिवस मागून घेतले.

एसटीवाले ऐकेनात; ती गाडी पुढे आणखी चार गावांना जोडलेली. शाळा सगळ्यांसाठीच लवकर भरवावी, तर साडेदहापर्यंत खोल्यांत प्राथमिकचे वर्ग भरतात. एकच मार्ग उरला. या मुलींची सकाळची गाडी साडेनऊलाच येते आणि त्या तासभर लिंबाखाली बसून असतात. तेव्हा दहावीचा शेवटचा तास उचलायचा आणि सकाळी पावणेदहाला, मोकळ्या असलेल्या चित्रकलेच्या खोलीत घ्यायचा. म्हणजे दहावी चार वीसला सुटेल. ऐकायला सोपं आहे. पण ज्या शिक्षकांचा तास शेवटचा, त्यांना सकाळी लवकर येणं जमेलच असं नाही. मग अदलाबदल करायची, आणि दहावीचा एक तास हलवला की आठवीचा हलतो, आठवीचा हलला की प्रयोगशाळा अडते.

मी म्हटलं, सोडा माझ्यावर. अनेक निकषांवर एकाच वेळी निर्णय कसा घ्यायचा याचा मी मोबाइलवर एक अभ्यासक्रम केला होता आणि तो अंगात मुरायच्या आधीच डोक्यात गेला होता. चौदा शिक्षकांना फॉर्म पाठवला. मागण्या लिहा, आणि प्रत्येक मागणी किती महत्त्वाची, म्हणजे तिचं वजन किती, ते एक ते दहा अशा आकड्यात द्या. चौदाही जणांनी प्रत्येक मागणीला दहा दिले. दुसऱ्यांना कशाला हसू, मीही तेच केलं होतं. माझी एक मागणी होती, बुधवारी साडेतीननंतर तास नको, कारण संगणक कक्षाची देखभाल. खरी गोष्ट अशी की बुधवारी मेहकरला तालुक्याच्या शिक्षक संघाचा क्रिकेटचा सराव असतो आणि मी सलामीला जातो. हे सगळं भरल्यावर लॅपटॉप दिवसभर घरघरला आणि शेवटी एवढंच म्हणाला की असं वेळापत्रक होऊ शकत नाही.

रसूल सरांनी ते वाचलं, मान हलवली आणि दारामागचा फळा काढला. प्लायवूडवर खिळ्यांच्या रांगा, आणि खिळ्यांवर सोडा बाटलीची रंगवलेली झाकणं. एकेका शिक्षकाचा एकेक रंग. मी हिरवा. एवढी वर्षं हा फळा मी पाहत होतो आणि मला तो शोभेचा वाटत होता.

दुसऱ्या दिवसापासून सर वही घेऊन एकेकाकडे जाऊन बसू लागले. त्यांनी कुणालाच काय हवं ते विचारलं नाही. त्यांचा प्रश्न एकच होता: तुमच्याकून काय सोडता येईन?

मी त्यांच्या मागे मागे फिरलो आणि चाटच पडलो. विज्ञानाच्या समता मॅडमनी फॉर्मात लिहिलं होतं, सकाळी लवकर येणार नाही, दहा. सरांनी विचारलं तेव्हा कळलं की त्यांना लवकर यायला काहीच हरकत नव्हती, फक्त धाकटीची अंगणवाडी दहाला उघडते. सर म्हणाले, लेकीला घेऊनच या, तिला मागच्या बाकावर कागद आणि रंग देतो. दहा वजनाची मागणी चहा निवायच्या आत विरघळली. सोमवारचा तास बसला, आणि त्या एका झाकणानं मंगळवारची तीन झाकणं मोकळी केली. मी तर टाळीच वाजवली. कुणी शनिवारचा सलग तास सोडला, कुणी खिडकीजवळचा वर्ग. माणसं सोडायला तयार होती. त्यांना तसं कुणी विचारलंच नव्हतं. शनिवारची शाळा सकाळचीच, त्याचा प्रश्न नव्हता; पाचव्या दिवशी सोमवार, मंगळवार, गुरुवार, शुक्रवार चारही बसले. मी घरी जाताना शिट्टी वाजवत होतो.

बुधवार तेवढा अडला. सहाव्या दिवशी मधल्या सुट्टीनंतर सरांनी मला चित्रकलेच्या खोलीत बोलावलं. फळ्यावर बुधवारची सगळी रांग एकाच खिळ्यावर अडली होती, दहावीच्या, तीन चाळीसच्या.

"इथी फक्त गणित बसते," ते म्हणाले. "बाकी सारं मी तीनदा करून पाह्यलं."

मी संगणक कक्षाचं सांगू लागलो. ते रागावले नाहीत. त्यांनी वहीतून एक कागद काढून माझ्या हातात दिला. अक्षर सफाचं होतं. बुधवारचा गणिताचा तास जेवणाच्या सुट्टीत ठेवा, आम्ही डबा एसटीत खाऊ, तास मात्र कमी करू नका. खाली अकरा सह्या.

"सगळ्यांले इचारलं, तेच पोरींले बी इचारलं," सर म्हणाले.

चौदा जणांना फॉर्म पाठवताना ज्यांच्यासाठी ही सगळी धावपळ, त्या मुलींना विचारावं हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. त्यांच्याकडे सोडायला होती ती एक भाकरीची वेळ, तीही त्यांनी काढून दिली होती. मला स्वतःची लाज वाटली, आणि ती मी लपवली नाही.

"सर, देखभाल-बिखभाल काही नाही. मी क्रिकेटले जातो."

"माहीत हाये बे. बुधवारी तुह्ये बूट सारी शाळा पाह्यते."

"मंग पह्यलेच काऊन नाही बोलले?"

"मी म्हटलं असतं त तू तास घेतला असता, पण मनातले दहा दहाच राह्यले असते. वजन तुह्यं हाये, बेटा. ते तुलेच उतरवा लागते."

मी हिरवं झाकण उचललं आणि तीन चाळीसच्या खिळ्यावर ठेवलं. मग सरांची बोटं जी सुटली, ती बघायची होती. इंग्रजी सकाळी गेलं, इतिहास त्याच्या जागी आला, नववीचा अडलेला भूगोल आपोआप सुटला, जेवणाची सुट्टी जागच्या जागी राहिली. शेवटचं झाकण बसलं तेव्हा मी इतक्या जोरात ओरडलो की शिपाई काय पडलं ते बघायला धावत आला. रसूल सर, जे कधी मोठ्यानं हसत नाहीत, ते खुर्चीवर बसून डोळे पुसेपर्यंत हसले. नंतर मी सगळ्यांचे खरे आकडे लॅपटॉपमध्ये भरले, तर चार सेकंदांत जवळजवळ तसाच तक्ता आला. सरांना त्याचं फार कौतुक वाटलं. पुढल्या वर्षी दोघं मिळून करू, असं त्यांनी स्वतःहून सांगितलं.

मुख्याध्यापकांनी अकरा अर्ज परत केले. अकरमभाईंनी नवा तक्ता दोनदा वाचून घेतला, गाडीची वेळ ताडून पाहिली आणि आपला अर्ज खिशात घातला.

पहिल्या बुधवारी तीन चाळीसला मी दहावीच्या वर्गात शिरलो. खरं सांगतो, सकाळपासून माझा चेहरा उतरलेला होता. मेहकरला माझ्या जागी दुसराच कुणी सलामीला जाणार होता. हजेरी घेतली. अकराही जणी होत्या, जेवून आलेल्या. कोणी कोणी काय सोडलं ते एव्हाना सगळ्या शाळेला माहीत झालं होतं, एक माझं तेवढं सोडून. सफानं पहिल्या बाकावरून सरळ विचारलं, "सर, तुमी काय सोडलं?"

तिच्या भाकरीच्या वेळेपुढे माझा क्रिकेटचा सराव सांगण्याजोगा नव्हता. मी फळ्याकडे वळलो आणि पहिलं उदाहरण लिहायला घेतलं.